तिसऱ्या खुर्चीवरचा मामा

वसईतल्या गास गावापासून भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत असा एक माड दाखवा ज्याच्यावर मी चढलो नाय, आनि चढलो त्यातल्या एकावरून पन मी आजपर्यंत पडलेलो नाय. पडलो तो घरातल्या स्टुलावरून, बल्ब बदलताना.

स्टूल पन केवढं, तर माझ्या गुडघ्याएवढं. वाऱ्यात माडाच्या शेंड्याला एका हातानं लोंबकळून कोयता चालवनारा मानूस मी, आनि गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडून पायाचं हाड दोन जागी मोडून घेतलं. बल्ब मात्र शाबूत राहिला. मी तो सोडलाच नाय. हॉस्पिटलात डॉक्टरनं पयला प्रश्न पायाचा इचारला नाय. म्हनाला, "हा बल्ब कशाला आणलाय?"

आता हा बल्ब बदलायला बायको आठ दिवस सांगत होती. मी आज करतो, उद्या करतो. नवव्या दिवशी ती रागावून डहानूला माहेरी गेली. दहाव्या दिवशी मला वाटलं, ती परत येईल तेव्हा घरात उजेड दिसला तर बरं. म्हनून चढलो. माझं प्रेम असं दहा दिवस उशिरानं येतं आनि पाय मोडून जातं.

शेजाऱ्यानं त्याच्या रिक्षात घालून मला मानिकपूरला हॉस्पिटलात आनून सोडलं. त्याला शाळेची पोरं आनायची होती, तो गेला. डॉक्टरनं फोटो बघितला आनि म्हनाला, "आज ऑपरेशन करून आत पट्टी टाकली तर पाय सरळ राहील. उशीर केला तर वाकडा जुळेल, मग माडबिड विसर."

मी म्हनलो, "मंग टाका आजच."

"नातेवाईकाची सही लागेल."

बायको फोन उचलत नव्हती. भाऊ नाय, बहीन नाय. एक चुलता हाय, त्याच्याशी शेताच्या बांधावरून बोलनं बंद. आई-बाप वारलेले. मी स्ट्रेचरवर पडून हिशोब लावला तर मला नातेवाईक म्हनून घरचा कुत्रा तेवढा उरला, आनि त्याला सही येत नाय.

तेवढ्यात सिस्टर दरवाजातून बाहेर आली. ही सिस्टर मूळची केरळची, पन वीस वर्षं वसईत काढलेली, मराठी माझ्यापेक्षा बरी बोलते. तिनं बाहेरच्या खुर्च्यांकडे बघून हाक दिली, "पायवाला पेशंट, नातेवाईक कोण?"

कोनी हललं नाय. सगळे एकमेकांकडे बघतात तसं बघत होते. मी पन बघत होतो, जसा काय माझा कोनी असेलच.

मंग भिंतीकडून तिसऱ्या खुर्चीवरचा एक म्हातारा उठला. चर्चात मिस्साला जातात तसा पांढरा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटनं लावलेली, काळी पँट, हातात कापडी पिशवी. बारीक, ताठ, तोंडावर असा भाव की मीच त्याचं काहीतरी चोरलंय. सिस्टरजवळ आला नि म्हनाला, "मी. याचा मामा."

माझा मामा मी लहान असताना गेला. मी तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "तोंड मीट."

सिस्टर कागद भरता भरता थांबली. "मामा, तुम्ही ख्रिश्चन. पेशंट हिंदू."

"बहिणीनं पळून जाऊन लग्न केलं," म्हातारा म्हनाला. "आम्ही घरात तिचं नाव काढत नाही."

माझी आई साधी बाई. उभ्या आयुष्यात बसस्टॉपपर्यंत पन एकटी गेली नाय. तिला मेल्यावर दहा वर्षांनी या म्हाताऱ्यानं पळवून लावली, आनि मी स्ट्रेचरवर पडून गप्प. सिस्टरला खरं काय ते ठाऊक होतं, हे मला मागाहून कळलं. ती म्हनायची, कागदाला रकाना हाय, तो भरायला लागतो, आनि आत जाताना पेशंटला कोनी "जा, मी हाय" म्हननारं लागतं.

त्या वेळी मला मात्र वेगळाच घोर. मोबाईलवर बघितलं होतं, की पायाचं म्हनून नेतात आनि किडनी काढून घेतात. मला वाटलं हाच तो. मामा बनून येतो नि माल घेऊन जातो. मी मोबाईल कमरेखाली सरकवला. म्हाताऱ्यानं ते बघितलं. मला आत नेताना फक्त म्हनाला, "जा. मी आहे." शुद्धीवर आल्यावर मी पयला हात पाठीवर फिरवला, टाके हायत का बघायला. म्हातारा स्टुलावर बसलेला. "दोन्ही आहेत," म्हनाला. "तुझी कोण घेणार? ताडीचा वास येतो."

मंग त्यानं पिशवी उघडली. आत एक स्टीलचा गिलास, टॉवेल, कंगवा, नेलकटर, बिस्किटाचा पुडा आनि रबरी चपलांचा एक जोड. मी म्हनलो, चपला कशाला? तर म्हनाला, "अपघातात माणसाची एक चप्पल नेहमी जाते. घरी जाताना एका चपलेवर जाणार का?" मी खाली बघितलं. माझी खरंच एकच होती. त्यानं आठ नंबर घेऊन ठेवलेला, कारन म्हने आठ नंबर निम्म्या जगाला होतो. मला नाय झाला. माडावर चढून चढून माझे पंजे पसरलेत, बदकासारखे. त्यानं माझ्या चांगल्या पायाची नखं कापायला घेतली. कापताना शिव्या, "या नखांनी लोकांच्या माडाला लागतोस? ते नारळ देवाला फुटतात रे."

दुसऱ्या दिवशी बायको आली. शेजाऱ्यानं कळवलं होतं. तोपर्यंत वॉर्डातल्या बायकांनी तिला दरवाजातच गाठलं. ती पलंगाशी आली ती रडत नाय, कमरेवर हात ठेवून.

"सासूबाई पळून आलेल्या? आनि बारा वर्षं मला सांगितलं नाय तुमी?"

"अगं तसं काय नाय."

"मंग ते मामा कोन?"

"मला काय म्हायत."

"स्वतःचा मामा म्हायत नाय," ती शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या बाईला म्हनाली. "बल्ब लावता येत नाय, मामा ओळखता येत नाय."

म्हातारा तोवर उठून टॉवेलाची घडी घालत होता. बायकोला म्हनाला, "आलीस ना? झालं माझं." आनि गेला. नाव नाय, गाव नाय. चपला मात्र पलंगाखाली ठेवून गेला.

पन म्हातारा कुठं लांब गेलाच नव्हता. बाहेर, भिंतीकडून तिसऱ्या खुर्चीवर. तिथनं सिस्टरचा दरवाजा समोर दिसतो. मी पुढं आठ दिवस होतो, कुबड्या घेऊन बाहेर यायचो, बाजूला बसायचो. रोज सकाळी सायकलवरून यायचा, संध्याकाळी चर्चची घंटा व्हायच्या आधी जायचा. कोनी आपला पेशंट घेऊन आलं की तो भिंतीसारखा बसून. पन हाकेला कोनी उठलं नाय की हा उठनार.

मी इचारलं, "मामाच कशाला? काका म्हना, भाऊ म्हना."

"काका म्हटलं की लोकांना जमिनीचं भांडण आठवतं. मामावर कोणी संशय घेत नाही."

मला माझा चुलता आठवला. बरोबर होतं.

दुसरं म्हनजे, तो हाकेला लगेच उठायचा नाय. आधी मनात एक प्रार्थना म्हनायचा, त्यांची ती 'आमच्या स्वर्गातल्या बापा'वाली, सुरवातीपासून आमेनपर्यंत. तेवढ्यात कोनी उठलं तर ठीक. नाय उठलं तर हा. मी म्हनलो, येवढा वेळ कशाला काढता? तर म्हनाला, "खरा माणूस कुठे चहाला गेला असेल तर त्याला यायला नको?"

आनि चहा हा स्वतः घ्यायचा नाय. मी बायकोकडनं दोनदा मागवला, दोनदा त्यानं मान फिरवली. मला वाटलं मधुमेह असेल.

इथं येऊन का बसता, असं इचारलं की रोज नवीन उत्तर. एक दिवस म्हनाला, इथला पंखा चांगला हाय. एक दिवस म्हनाला, घरी सून टीव्ही मोठा लावते. एकदा मी फार मागं लागलो तर म्हनाला, "नातेवाईक म्हणजे काय? हाकेला उठतो तो."

मी म्हनलो, "मंग आमचा कुत्रा पन नातेवाईकच. हाक मारली की उठतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुझ्यापेक्षा तोच बरा असेल."

त्याचे आभार मानायची सोय नव्हती. मानिकपूरच्या बाजारात बरा झालेला कोनी समोरनं हसत आला की हा रस्ता ओलांडून पलीकडं. मला घरी सोडलं त्या दिवशी मी त्याचे पाय धरायला वाकायला गेलो, कुबडी निसटली, आनि त्यालाच मला धरावं लागलं. म्हनाला, "परत आत जायचं असेल तर तसं सांग."

पन माझं मन राहीना. पाय जमिनीला टेकायला लागल्यावर सिस्टरकडनं गाव काढलं, भुईगाव, आनि बायकोला घेऊन गेलो. हात रिकामा कसा न्यायचा म्हनून दहा शहाळी घेतली. इकत घेतली. माडावर चढनाऱ्या मानसानं शहाळी इकत घ्यायची, ही काय अवस्था हाय ते मला इचारा. शहाळीवाला ओळखीचा, तो हसत हसत जास्त पैसे लावत होता.

गल्लीत शिरलो, त्याचं घर बघितलं, नि पाय तिथंच थांबला. घरामागं पुरी वाडी. दाटीनं माड, नारळांनी लदलेले.

म्हातारा ओट्यावर बसला होता. शहाळी बघून म्हनाला, "हे समुद्रात मीठ टाकायला आलास?"

त्याच्या सुनेनं आमाला आत घेतलं. हसरी बाई, शाळेत शिकवते. चहा आनला. म्हाताऱ्याला नाय आनला. बायकोनं इचारलं, मामा चहा घेत नाय का? सुनेनं बाहेर बघितलं, म्हातारा शहाळी मोजत होता, मंग हळूच सांगितलं.

तिच्या सासूबाई, म्हनजे मामाची बायको, त्याच हॉस्पिटलात होत्या. तीन दिवस हा त्यांच्याजवळनं हलला नाय. चौथ्या दिवशी सासूबाईच म्हनाल्या, जा, चहा घेऊन ये, तुझं तोंड बघवत नाही. हा खाली गेला. तेवढ्यात त्यांचं जास्त झालं. सिस्टर बाहेर येऊन हाका मारायला लागली, नातेवाईक कोण, नातेवाईक कोण. तर बाकावरची एक अनोळखी बाई उठली, आत गेली, म्हनाली मी बहीन, आनि सासूबाईंचा हात धरून बसली. हा चहा घेऊन वर आला तेव्हा संपलं होतं. पन सासूबाईंचा हात कोनीतरी धरलेला होता. ती बाई उठली, त्याला जागा दिली, आनि निघून गेली. त्यानं पुढं महिनाभर तिला शोधली. नाव नाय, गाव नाय.

"तेव्हापासून जातात," सून म्हनाली. "त्यांना वाटतं आपण नसताना कोणाची तरी हाक फुकट जाईल."

मी कप खाली ठेवला. चहा अर्धाच झालेला. मी दोनदा त्याच्या नाकासमोर चहा धरला होता.

बाहेर आलो तर म्हातारा म्हनाला, "दहा म्हणून नऊच दिलीत तुला. मोजता येत नाही का?"

पुढं महिन्याभरात त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हनाला, महिनाभर धूळ नाय, सायकल नाय, हॉस्पिटलात बसायचं तर नावच नाय. सुनेचा फोन आला, मामा जेवत नाहीत, तुम्ही येता का?

गेलो. म्हातारा काळा चष्मा लावून बसलेला. मला वाटलं डोळ्याचं दुखनं असेल. पन त्याचं एकच. "खुर्चीवर कोण बसेल?"

मी इकडं तिकडं बघितलं. तिथं दुसरं कोनी नव्हतं.

"तू बस," म्हनाला.

"मी? मला कुठं जमतंय."

"मला काय हौस आहे? सगळे भाचे कामाला जातात. रिकामा तूच."

ते खरं होतं. डॉक्टरनं मला वर्षभर माड बंद केलेला. घरी बसून बायकोचं डोकं खात होतो. मी छाती काढून म्हनलो, "मामा, चिंता नको. तुमच्यापेक्षा भारी बसून दाखवतो. पन ती प्रार्थना मला येत नाय."

"मग तुझं काय असेल ते म्हण."

"आमच्यात आरत्या. एक सुरू झाली की पाच झाल्याशिवाय कोनी थांबत नाय. तोवर पेशंट बरा होऊन घरी जाईल."

म्हातारा वैतागला. "जा रे. काहीतरी कर, पण थांब."

दुसऱ्या दिवशी बायकोनं इस्त्री केलेला शर्ट घालून, पिशवीत गिलास, टॉवेल आनि तोच आठ नंबरचा जोड घेऊन, मी तिसऱ्या खुर्चीवर. सिस्टर बाहेर आली. "छातीवाल्या आजी, नातेवाईक कोण?"

थांबायचं होतं ते डोक्यातनंच गेलं. ताडकन उठलो. "मी. मामा."

पुरी रांग माझ्याकडं बघायला लागली. सिस्टरनं कागद बघितला, मला बघितलं. "आजींचं वय अठ्ठ्याहत्तर."

"हो."

"तुम्ही त्यांचे मामा."

आता मागं कसं फिरनार. म्हनलो, "लांबचा."

तेवढ्यात जिन्यावरनं एक दांडगा मानूस दोन कप चहा घेऊन वर आला. आजींचा मुलगा. "कोन मामा? कुठला मामा?" म्हनत त्यानं माझी कॉलर धरली, आनि दोन्ही कप माझ्या शर्टावर. सिस्टर मधी पडली, म्हनाली, "सोडा त्यांना, नवीन आहेत."

घरी बायकोनं शर्ट बघितला. "पयल्याच दिवशी?" एवढंच म्हनाली.

मी म्हनलो मी परत जात नाय. पन म्हातारा रोज सुनेच्या फोनवरनं इचारायचा, बसलास का? मी म्हनायचो, बसलो. मंग बसावंच लागायचं. चार दिवस बसलो, कोनाला मामा लागला नाय. पंखा खरंच चांगला हाय.

पाचव्या दिवशी एक रंगारी आनला. बिल्डिंगच्या परांचीवरून पडलेला, कमरेला मार. ठेकेदाराचा मानूस त्याला टाकून गाडी लावायला म्हनून गेला तो आलाच नाय. पोरगा नाय, बाप्या मानूस, हातावर हिरवा रंग सुकलेला. ओडिशाचा. डोळे सारखे दरवाजाकडं. मला त्याचं सगळं म्हायत होतं. मी पन तसाच बघत होतो.

सिस्टर आली. "कमरवाला पेशंट, नातेवाईक कोण?"

मी खुर्चीचे हात धरले. थांब. पन किती? प्रार्थना येत नाय, आरती लांब. मंग मी डोळे मिटले आनि मनातल्या मनात माड धरला. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. एक खाच, दुसरी खाच. घाई नाय. मधला वाकडा भाग, तिथं दम घ्यायचा. वारा लागायला लागला. झावळ्यांत शिरलो, शेंड्याला हात लागला. वरनं पुरी वसई दिसली, समुद्रापर्यंत. मंग एक एक पाय सोडत खाली. जमिनीला टेकलो, डोळे उघडले. कोनी उठलं नव्हतं. सिस्टर माझ्याकडंच बघत होती.

उठलो. "मी. याचा मामा."

"पेशंट ओडिशाचा," सिस्टर म्हनाली. पेन तयार.

"बहिनीनं पळून जाऊन लग्न केलं," मी म्हनलो. मला बहीन नाय. पन एकदा आई पळाली तर बहिनीचं काय घेऊन बसलात.

मला नाव धड लिहिता येत नाय, पन सही येते, बायकोनं शिकवली. ती केली. रंगाऱ्याजवळ गेलो तर त्यानं मोबाईल कमरेखाली सरकवला. मला हसू आलं, मी ते दाबलं.

"आप कौन?" तो म्हनाला.

"मामा. जा, मै है इधर."

संध्याकाळपर्यंत बसलो. शुद्धीवर आला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता, त्याचा हिरवा रंग माझ्या हाताला लागला. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ बोईसरवरनं धावत आला. मी टॉवेलाची घडी घातली, पलंगाखाली रबरी चपला ठेवल्या आनि निघालो. आठ नंबर त्याला बरोबर झाला असनार. मी बघायला थांबलो नाय. थांबलो असतो तर रडलो असतो, आनि मामानं रडलेलं बरं दिसत नाय.

तिथनं सरळ भुईगावला गेलो. म्हातारा काळ्या चष्म्यात ओट्यावर. मी सगळं सांगितलं, रंगारी, भाऊ, चपला. तो ऐकत होता, मान हलवत नव्हता. सुनेनं सांगितलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

मंग मी माझी युक्ती सांगितली. लई अभिमानानं सांगितली. "मामा, प्रार्थनेची गरज नाय. मी मनात माड चढतो. शेंड्यापर्यंत जातो, वर जरा बघतो, मंग सावकाश खाली उतरतो, आनि मंगच उठतो."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. डॉक्टरनं काढू नको म्हनलं होतं तरी काढला, मला नीट बघायला.

"वर पोचलास की उठायचं," तो म्हनाला. "खाली उतरत बसलास तर पेशंट मरेल. आणि तुला उतरता कुठं येतं रे, स्टुलावरून पडतोस."